फाळणीतून वाचलेल्यांच्या साक्षी रेकॉर्ड करून जपायच्या आहेत. नेमकं कसं करावं?

रामबागेतून | शनि, स. १०:१२

नमस्कार मंडळी. इंदूरला सहा जणांचा एक गट तयार झाला आहे. १९४७-४८ मध्ये सिंध आणि पश्चिम पंजाबातून इकडे आलेल्या, आज हयात असलेल्या माणसांच्या साक्षी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या, एवढंच काम. यादीत सध्या चौदा नावं आहेत, बहुतेक सिंधी कॉलनीच्या आसपासची. शिवाय १९७१ च्या कत्तलीतून वाचून आलेली दोन बंगाली कुटुंबं. फाळणीच्या वेळी जे मूल दहा वर्षांचं होतं ते आता नव्वदीला टेकलंय. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

हाताशी दोन बरे फोन, एक लॅपटॉप आणि वीस-पंचवीस हजार रुपये आहेत. आवाज पुरेसा आहे की व्हिडिओच हवा? काय विचारायचं, आणि काय मुळीच विचारायचं नाही? रेकॉर्डिंग पन्नास वर्षं टिकावं तर ठेवायचं कुठे? आणि याला नरसंहाराची साक्ष म्हणावं का?

कृपया राजकारण नको. विषयाची माहिती असलेल्यांनी तपशिलात लिहावं.

ध्वनिरेषा | शनि, स. ११:०५

आवाजाचं आधी सांगतो, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता ठेवणारी फाइल). फोनचा स्वतःचा रेकॉर्डर बहुधा दाबलेली फाइल बनवतो, ती नको. डब्ल्यूएव्ही देणारं अ‍ॅप घ्या किंवा सरळ छोटा हातातला रेकॉर्डर. या मापाने तासाला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साठ तास मावतात. जागेची काटकसर करायचं काही कारण उरत नाही.

माइक कॉलरचा, वायरचा. हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर. साडी सिंथेटिक असेल तर पदर घासण्याचा आवाज पूर्ण मुलाखतभर येतो, म्हणून माइक पदरावर न लावता ब्लाउजच्या काठाला लावा. गळ्यातली माळ आणि हातातल्या बांगड्या, दोन्ही ऐकू येतात. बांगड्या काढायला सांगू नका, हाताखाली एक उशी ठेवा. श्रवणयंत्र असेल तर माइक विरुद्ध बाजूला.

पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. अवघड प्रसंग आला की म्हाताऱ्या माणसाचा आवाज एकदम खाली जातो. तेव्हा घाईने पातळी वाढवायला जाऊ नका. पुढच्याच वाक्याला हुंदका आला तर आवाज फाटतो, आणि तुमचा हात हललेला त्यांना दिसतो. २४ बिटमध्ये हळू बोललेलं नंतर उचलता येतं.

सुरू करण्याआधी खोलीची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करा. आणि दुसरा रेकॉर्डर कायम चालू हवा. एकच यंत्र म्हणजे एकही नाही असं धरा.

खजूरीबाजार | शनि, स. ११:३०

इंदूरकरांसाठी पुरवणी: सकाळची कचरागाडी गाणं वाजवत येते, त्या वेळेआधी किंवा नंतर बसा. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. पंखा बंद करावाच लागतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात नव्वदीच्या माणसाला पंख्याविना बसवणं बरोबर नाही. तशी वेळ आलीच तर पंखा राहू द्या, आवाज खराब झाला तरी चालेल.

मांडवी_बडोदा | शनि, दु. १२:१८

माइकच्या आधीची पायरी राहतेय. पहिल्या भेटीला काहीही रेकॉर्ड करू नका.

पूर्वभेट तासाभराची. एक वही, पेन. जन्मगाव, आईवडिलांची नावं, भावंडं, घर कुठल्या मोहल्ल्यात, शाळेची भाषा, निघाले कधी, कुठल्या मार्गाने, इकडे पहिला मुक्काम कुठे. हे सगळं आधी लिहून घेतलं की प्रत्यक्ष मुलाखतीत तारखांसाठी त्यांना अडवावं लागत नाही. त्याच भेटीत विचारायचं की कशाबद्दल बोलायचं नाही. ते लिहून ठेवायचं आणि पाळायचं. अवघड प्रसंगाचा तपशील मात्र तिथे काढू नका. लोक एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगतात तशी दुसऱ्यांदा सांगत नाहीत. रेकॉर्डरसमोर मग "ते मी तुम्हाला परवा सांगितलंच" असं होतं आणि मूळ साक्ष वहीतच राहते.

संमतीपत्र त्यांच्या भाषेत हवं. पुष्कळ वयस्क सिंधी मंडळी अरबी वळणाची लिपी वाचतात, देवनागरी नाही, आणि तरुण पिढीचं नेमकं उलट. त्यामुळे दोन्ही लिप्यांत छापा आणि वाचूनही दाखवा. पर्याय वेगवेगळे द्या: सर्वांसाठी खुलं, फक्त अभ्यासकांसाठी, माझ्या हयातीनंतर, नाव झाकून, अमुक भाग वगळून. "मी परवानगी देतो" अशी एकच ओळ असलेला कागद म्हणजे संमती नव्हे. आणि सही दोनदा: एकदा आधी, एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर. दुसरी सही खरी.

लष्करकर | शनि, दु. १:४०

शेवटच्या प्रश्नाबद्दल. 'जेनोसाइड' हा शब्द कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये घडवला, ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, भारताने तो १९५९ मध्ये मंजूर केला. करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट त्यात नाहीत. म्हणूनच कंबोडियात १९७५ ते १९७९ मध्ये सुमारे सतरा लाख माणसं मेली, तरी नोव्हेंबर २०१८ च्या निकालात नरसंहाराचा गुन्हा व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम यांच्यापुरताच शाबित झाला. बाकीचं मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून. मराठीत आपण नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद सगळं एकाच अर्थाने वापरतो, पण हेतूचा भाग 'वंशसंहारा'त जास्त नेमका उतरतो.

फाळणीला कुठला शब्द लागू पडतो यावर इतिहासकारांत एकमत नाही. पंजाब आणि सिंध यांचं चित्रही एक नाही. सिंध प्रांत तुटला नव्हता, पंजाबसारख्या कत्तली तिथे झाल्या नाहीत. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर लोक मोठ्या संख्येने निघाले, बरेचसे बोटीने. त्यामुळे चौदाही साक्षींवर आधीच एक शिक्का मारू नका.

शिंदेछावणी | शनि, दु. २:०५

सहमत. साक्षीदाराचाच शब्द नोंदवा. सिंधीत 'विरहाङो', पंजाबीत 'रौले' किंवा 'उजाड़ा', आणि १९७१ साठी बंगालच्या खेड्यांतली माणसं 'गंडगोल' म्हणतात, म्हणजे गोंधळ. इतक्या मोठ्या कत्तलीला गोंधळ म्हणणं हा साक्षीचाच भाग आहे. प्रश्नात "त्या नरसंहाराच्या वेळी" असं आपण म्हटलं की ते आपला शब्द उचलतात आणि त्यांचा शब्द कायमचा जातो.

रामबागेतून | शनि, दु. ४:३०

हे फार मोलाचं आहे, धन्यवाद. धाग्याच्या नावात 'वाचलेल्यांच्या साक्षी' एवढंच ठेवतो. व्हिडिओबद्दल कुणी सांगेल का?

पडदा_पार | शनि, सायं. ५:१०

व्हिडिओ कराच. चेहरा, हात, थांबणं, नजर वळवणं हे आवाजात येत नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या साक्षींचा संग्रह येल विद्यापीठात आहे, त्याची सुरुवात १९७९ मध्ये न्यू हेवनला झाली ती व्हिडिओनेच, आज तिथे ४,४०० हून अधिक साक्षी आहेत. त्याच संहाराच्या साक्षींसाठी १९९४ मध्ये सुरू झालेल्या शोआ फाउंडेशनने पाचेक वर्षांत पन्नास हजारांहून अधिक साक्षी टिपल्या, त्याही व्हिडिओवर.

कॅमेरा तिवईवर, डोळ्यांच्या उंचीला, डोकं-खांदे दिसतील एवढी चौकट, आणि मग हात लावायचा नाही. रडू आलं की झूम करणं हा या कामातला सर्वांत वाईट गुन्हा. मागे खिडकी नको. विचारणाऱ्याने लेन्सला अगदी चिकटून बसावं, म्हणजे नजर कॅमेऱ्याजवळ राहते. फोन विमान-मोडवर, चार्जर लावलेला. १०८० चं चित्रण मिनिटाला शंभरेक एमबी घेतं, दोन तासांचे बारा ते सोळा जीबी. फोन तापून मध्येच बंद पडतो, म्हणून कव्हर काढा आणि तासाने थांबा. फोनच्या व्हिडिओचा वेग किंचित बदलता असतो, त्यामुळे वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज तासाभरात पुढेमागे होतो. सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा टाळी वाजवा, नंतर जुळवता येईल.

फोटो, रेशनकार्ड, निर्वासित म्हणून मिळालेले कागद हे शेवटी, त्यांच्या हातात धरून दाखवू द्या आणि त्यांनाच सांगू द्या.

मांडवी_बडोदा | शनि, सायं. ५:४८

पडदा_पार यांच्याशी थोडा मतभेद. पंचाऐंशीच्या पुढच्या बायकांपैकी अनेकींना कॅमेरा नको असतो आणि मुलाबाळांच्या आग्रहाखातर त्या हो म्हणतात. मग सांगतात ते जपून, लग्नाच्या व्हिडिओसारखं. आवाजच घेतला तर त्याच बाई मोकळ्या बोलतात. निवड साक्षीदाराची, आणि ती त्यांना एकट्यांना विचारायची.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बोडर यांनी १९४६ मध्ये युरोपातल्या निर्वासित छावण्यांत जाऊन पोलादी तारेवर शंभरावर मुलाखती घेतल्या. चित्र एकाचंही नाही, नुसता आवाज. तरी आज त्या ऐकताना काही कमी पडत नाही.

पडदा_पार | शनि, सायं. ६:०२

निवड त्यांची, हे मान्य. मग निदान शेवटी एक स्थिर फोटो, परवानगी असेल तर.

तारेवरचा_आवाज | शनि, रा. ८:२०

बोडर यांचं नाव निघालं म्हणून: त्यांची हरवली असं समजलेली एक रीळ पुढे अ‍ॅक्रन विद्यापीठात सापडली, चुकीचं लेबल लावलेल्या डब्यात. त्यात छावणीतली गाणी होती. ती वाजवायला यंत्रच नव्हतं, ते जुळवून घ्यावं लागलं. टिकवण्याची दोन्ही संकटं यात आली: लेबल आणि यंत्र.

नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोत इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांच्या गटाने गुप्तपणे जमवलेले कागद पुरून ठेवले होते. पत्र्याच्या दहा पेट्या सप्टेंबर १९४६ मध्ये सापडल्या, आत पाणी शिरलेलं होतं. दुधाच्या दोन बरण्या डिसेंबर १९५० मध्ये निघाल्या, त्यांतले कागद बरेच चांगले. तिसरा साठा आजवर मिळाला नाही. पुरल्याची जागा ठाऊक असलेली अगदी मोजकी माणसं जगली म्हणून पहिला तरी हाती आला. तुमच्या सहा जणांपैकी किमान तिघांना पासवर्ड आणि जागा ठाऊक असू द्या.

आता साठवण. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक परगावी. इंदूर आणि बडोदा अशी जोडी करा, पूर आणि आग दोन्हीकडे एकाच दिवशी येत नाहीत. पेनड्राइव्ह आणि एसएसडी कपाटात ठेवून विसरायच्या वस्तू नाहीत, वीज न मिळाल्यास त्यातला विद्युतभार गळतो. साधी फिरती हार्डडिस्क घ्या, सहा महिन्यांनी जोडून चालवा, पाच वर्षांनी बदला. घरी बर्न केलेल्या डीव्हीडीवर भिस्त नको, तिचा रंगथर उतरतो.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी अक्षर-आकड्यांची ओळखखूण) काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल, लिनक्समध्ये शा-२५६-सम, दोन्ही फुकट. वर्षातून एकदा पुन्हा काढून ताडा. एकही अक्षर बदललं तर ती प्रत सडली, दुसऱ्या प्रतीवरून नवी करा. चेकसम नसेल तर नासलेल्या प्रतीवरूनच आणखी प्रती होत राहतात आणि कळतही नाही.

फाइलच्या नावात माणसाचं नाव नको. क्रमांक, तारीख, भाग एवढंच, रोमन अक्षरं आणि आकड्यांत; देवनागरी नावं काही जुन्या प्रणालींत मोडतात. क्रमांक आणि माणूस यांची जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद.

वकीलवाडा | शनि, रा. ८:५५

चेकसमला कायद्यातही स्थान आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचं हॅश मूल्य, म्हणजे हाच चेकसम, लिहावं लागतं. फाळणीच्या साक्षी कोर्टात जाणार नाहीत, पण इतर संहारांच्या साक्षी गेल्या आहेत. सवय म्हणून पहिल्या दिवशीच काढा.

नर्मदातीरी | रवि, स. ७:५०

घरी एका नातेवाइकांच्या आठवणींच्या तीन कॅसेटी आहेत, १९८५ च्या सुमाराच्या. त्यांचं काय करावं?

ध्वनिरेषा | रवि, स. ९:१५

@नर्मदातीरी, आज लगेच टेपमध्ये घालून वाजवू नका.

आधी कॅसेटच्या मागच्या दोन पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. खिडकीतून बघा: टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी, बडोद्याच्या पावसाळ्यात हमखास. वाजवली तर ती हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशी कॅसेट सिलिका जेलसोबत बंद पिशवीत आठवडाभर कोरडी होऊ द्या, मग उघड्यावर, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने भुकटी झाडा.

आतला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. स्क्रूवाली रिकामी कॅसेट घेऊन टेप तीत हलवा. सी-१२० असेल तर फार जपून, तिची टेप जेमतेम नऊ मायक्रॉनची असते आणि गुंतते. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. डेकचं हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाक मात्र अल्कोहोलने कडक होतं, त्याला साबणाचं किंचित पाणी.

नंतर हेडचा कोन. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर मूळ रेकॉर्डिंग झालं त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो, त्यामुळे 'स', 'श' बोथट येतात. हेडफोन लावून तो स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत 'स' सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबवा. प्रत्येक कॅसेटला, प्रत्येक बाजूला वेगळं. हे न करताच डिजिटल केलेल्या कॅसेटींचं प्रमाण फार मोठं आहे, आणि हरवलेला 'स' कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. खरखर काढायचं यंत्र बंद ठेवा. कच्ची प्रत जशीच्या तशी जपा, स्वच्छ केलेली वेगळी करा. मूळ कॅसेट टाकू नका. आणि कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं असेल त्याचा फोटो घ्या, तारीख बहुधा तिथेच असते.

नर्मदातीरी | रवि, स. ९:४०

भुकटी आहे! बरं झालं विचारलं. पिशवीत घालते.

मांडवी_बडोदा | रवि, स. ११:००

आता प्रश्नांकडे येते, मूळ धाग्यात विचारलं होतं.

क्रम काळाचा: आधीचं आयुष्य, ती घटना, नंतरचं आयुष्य. शोआ फाउंडेशनच्या मार्गदर्शनात साधारण वीस टक्के आधी, साठ टक्के घटना, वीस टक्के नंतर असं प्रमाण होतं. फाळणीसाठी हे जसंच्या तसं घेऊ नका. इथे नंतरचाच भाग फार मोठा आहे: छावणी, रेशन, नव्या गावात नवी भाषा, बडोद्याच्या वारसियात किंवा कल्याण कॅम्पात मिळालेली खोली. तो भाग लोकांनी कमी विचारला आहे आणि साक्षीदार तो उत्साहाने सांगतात.

"तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न नको. त्याचं उत्तर "काय वाटणार" एवढंच येतं. "गाडीच्या खिडकीतून काय दिसत होतं?" "बरोबर काय घेतलं? कुलूप कुणी लावलं, किल्ली कुणाकडे राहिली?" "त्या रात्री काय खाल्लं?" वस्तू, जागा, वास यांवर आठवण उभी राहते. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर हो-नाहीत संपणारा नको.

गप्प झाले तर मनात दहा मोजा. मग आणखी दहा. बहुतेक वेळा पुढचं वाक्य येतं. पाण्याचा पेला आधीच जवळ ठेवा, शांततेत तो आणायला उठू नका. "पुरे करूया का?" विचारा, "रडू नका" म्हणू नका.

बैठक पाऊण तास ते सव्वा तास, फार तर दोन. औषधाची, जेवणाची वेळ आधी विचारा. सर्वांत कठीण प्रसंगावर बैठक कधीही संपवू नका, आजच्या दिवसापर्यंत आणून सोडा. रेकॉर्डर बंद केल्यावर अर्धा तास बसा, चहा घ्या. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्याने पुन्हा फोन. त्रास वाढलाय असं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांकडे असू द्या.

शिंदेछावणी | रवि, स. ११:३२

घरातली माणसं खोलीत नकोत हेही लिहा. मुलगा वाक्य पूर्ण करतो, सून तारीख दुरुस्त करते. नातवाला दुभाषा करू नका. आजी नातवाला दुःख होऊ नये म्हणून गाळते आणि नातू आजीला लाज वाटू नये म्हणून गाळतो. दुभाषा बाहेरचा, त्याच बोलीचा, आणि 'मी' ला 'मी' च म्हणणारा. "त्या म्हणतात की" असं करणारा नको.

मांडवी_बडोदा | रवि, स. ११:५०

अगदी. आणि बायकांवरच्या अत्याचाराबद्दल थेट कधीही विचारू नका. १९४९ मध्ये पळवून नेलेल्या स्त्रियांच्या सुटकेचा कायदाच करावा लागला, इतकं ते व्यापक होतं; म्हणजे यादीतल्या कुठल्याही घरात ते असू शकतं. ऐकणारी बाई असावी, दार बंद असावं, वेळ मोकळा असावा. त्या बोलल्या तर तो भाग कोणत्या प्रतीत जाईल हे त्याच दिवशी, त्यांनाच विचारून ठरवा. घरच्यांसाठी दिलेल्या प्रतीत तो चुकून गेला तर त्या घरात त्यांनाच राहायचं असतं. म्हणून प्रत आधी साक्षीदाराच्या हातात. पुढे कुणाला द्यायची ते त्या बघतील.

लष्करकर | रवि, दु. १:१५

एक प्रश्न राहतोच: चुकीचं सांगितलं तर? तारीख, आकडा, गाडीचं नाव. इतिहास म्हणून ठेवायचं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला हवं असं माझं मत. नाहीतर उद्या कुणी एक चूक दाखवून अख्खी साक्ष खोटी ठरवेल.

तारेवरचा_आवाज | रवि, दु. २:००

@लष्करकर, यावर डोरी लाउब यांनी नोंदवलेला प्रसंग आहे. ते स्वतः ज्यूंच्या संहारातून वाचलेले, मनोविकारतज्ज्ञ आणि येलच्या संग्रहाच्या संस्थापकांपैकी एक. एका बाईंनी ७ ऑक्टोबर १९४४ च्या ऑशविट्झ छावणीतल्या कैद्यांच्या उठावाबद्दल सांगताना चार धुराडी उडाल्याचं सांगितलं. इतिहासकार म्हणाले, एकच उडालं होतं, ही साक्ष वापरता येणार नाही. लाउब यांचं म्हणणं वेगळं होतं: तिथे असं काही घडू शकतं हेच कल्पनेपलीकडचं होतं आणि ते घडलेलं तिने पाहिलं, ती त्याची साक्ष देते आहे.

लष्करकर | रवि, दु. २:२५

मुद्दा कळतो, पण संख्येचा प्रश्न सुटत नाही. वाचणाऱ्याला एक की चार हे कळलं पाहिजे.

तारेवरचा_आवाज | रवि, दु. २:४८

कळलंच पाहिजे, पण ते मुलाखतीत नको. लेखी प्रतीखाली टीप द्या: "इतर नोंदींनुसार अमुक." मूळ शब्दाला हात नाही. समोरच्याला मध्येच दुरुस्त केलं की पुढचा तास तो आपल्या तोंडाकडे बघत, आपल्याला पटेल असं बोलतो.

लष्करकर | रवि, दु. ३:०५

टिपेला माझी हरकत नाही. तेवढं मात्र नक्की करा.

अक्षरजुळणी | रवि, सायं. ४:३०

लेखी प्रतीबद्दल एक धोका. आवाजावरून मजकूर करणारी यंत्रं आता मराठी-हिंदीत बरी चालतात, पण लांब शांतता आली की त्यांतली काही स्वतःच वाक्यं रचतात. सुवाच्य, व्याकरणशुद्ध, आणि कुणीही न बोललेली. साक्षींमध्ये शांतता जास्त, म्हणून धोकाही इथेच जास्त. सिंधी-हिंदी मिसळलेल्या बोलण्यात तर गावांची नावं हमखास बदलतात. यंत्राची प्रत कच्चा आराखडा समजा आणि पूर्ण आवाज ऐकत ओळ न् ओळ तपासा. हाताने लिहायचं तर तासाच्या आवाजाला सहा ते आठ तास धरा, बोलीभाषेला जास्त. आणि परक्या कंपनीच्या सर्व्हरवर आवाज चढवण्याआधी संमतीपत्रात ते आहे का बघा. आपल्याच लॅपटॉपवर चालणारी यंत्रंही मिळतात.

शांतता लिहा: "(१४ सेकंद शांतता)". रडणं, हसणं, उठून जाणंही. बोली शुद्ध करू नका.

इतका वेळ नसेल तर आधी नुसती सूची करा: दर मिनिटाला कोणता विषय, कोणतं गाव, कोणती व्यक्ती. शोआ फाउंडेशनच्या साक्षी मिनिटामिनिटाच्या सूचीमुळेच शोधता येतात. केंटकी विद्यापीठाचं ओएचएमएस हे त्यासाठीचं मोफत साधन आहे.

खजूरीबाजार | रवि, सायं. ५:०५

हे सगळं यूट्यूबवर टाकलं तर लोकांपर्यंत पोहोचेल ना? कपाटात ठेवून काय उपयोग?

शिंदेछावणी | रवि, सायं. ५:३६

घाई नको. रवांडात १९९४ नंतर गावोगावच्या गचाचा न्यायसभांत शेजाऱ्यांसमोर साक्षी झाल्या. साक्ष देणाऱ्यांवर हल्ले झाले, काही मारले गेले. इराकमधल्या सिंजारच्या २०१४ च्या संहारातून सुटलेल्या यझिदी मुलींच्या इतक्या जणांनी, इतक्यांदा मुलाखती घेतल्या की तेच तेच सांगण्याचा त्रास वेगळा झाला आणि जबाबांतले बारीक फरक आरोपीच्या वकिलाच्या कामी येण्याचा धोका वेगळा. अशा साक्षी कशा घ्याव्यात हे सांगणारी २०२२ ची मुराद संहिता त्यातूनच आली. तिचं सूत्र साधं आहे: या माणसाची आधी कुणी मुलाखत घेतलीय का ते बघा, आणि नव्याने घ्यायची खरंच गरज आहे का.

इंदुरात कुणी कुणाला मारायला येणार नाही, हे खरं. पण खाली येणाऱ्या प्रतिक्रिया नव्वदीच्या माणसाला त्याचाच नातू वाचून दाखवणार आहे. दुसरी सही होईपर्यंत एकही तुकडा बाहेर नको. नंतर टाकलाच तर प्रतिक्रिया बंद ठेवून.

वाडीवस्ती | रवि, सायं. ६:१०

कायमच्या ठेवीसाठी: २०१० मध्ये सुरू झालेलं १९४७ पार्टिशन आर्काइव्ह, दहा हजारांहून जास्त मुलाखती आहेत आणि स्वयंसेवकांना ऑनलाइन शिकवतातही. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. १९७१ साठी ढाक्याचं मुक्तियुद्ध संग्रहालय, त्यांनी शाळकरी मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेण्याचा उपक्रम चालवला आहे. आधी त्यांच्या अटी वाचा आणि मगच आपलं संमतीपत्र छापा. उलट केलं तर चौदा जणांकडे पुन्हा सह्यांसाठी जावं लागेल.

अवांतर: फक्त आलेल्यांचेच नाही, त्यांना येताना पाहिलेल्यांचेही आवाज घ्या. स्टेशनवर पोळ्या वाटणारे, खोली भाड्याने देणारे मराठी शेजारी. तेही आता मोजकेच उरलेत.

रामबागेतून | रवि, रा. ९:२०

सगळं कागदावर उतरवलं. ठरलं ते असं: दोन रेकॉर्डर, कॉलरचे दोन माइक, दोन हार्डडिस्का. एक डिस्क बडोद्याला राहील, @मांडवी_बडोदा यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून होकार दिलाय. व्हिडिओ मागितला तरच. संमतीपत्र दोन लिप्यांत, छापण्याआधी दोन संग्रहांच्या अटी वाचून. लेखी प्रतीखाली टिपा, मूळ शब्द तसाच. पूर्वभेटी पुढच्या रविवारपासून.

एकच अडचण. यादीतल्या सर्वांत वयस्क आजींचं वय ९६. त्या हल्ली फक्त सिंधीच बोलतात आणि दुपारी तासभरच नीट जाग्या असतात. त्यांच्या बाबतीतही पूर्वभेटीचा नियम पाळायचा का?

मांडवी_बडोदा | रवि, रा. ९:३८

नाही. तिथे याच आठवड्यात जा, रेकॉर्डर घेऊनच. संमती वाचून दाखवा, तोंडी होकार रेकॉर्ड करा. वीस मिनिटं मिळाली तरी चालतील. आधी त्यांचं नाव, गावाचं नाव आणि आईचं नाव त्यांच्या तोंडून घ्या, मग त्या जिथून सुरू करतील तिथून. मधे काहीही विचारू नका. सिंधी बोलणारी, त्यांच्या ओळखीची, घराबाहेरची बाई बरोबर हवी. वारसियातल्या एक बाई फोनवरून मदत करतील, क्रमांक व्यनि करते.

ध्वनिरेषा | रवि, रा. ९:४४

आणि त्यांच्यासाठी माइक कपड्यांना लावत बसू नका. उशाशी, तोंडापासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. दोन्ही रेकॉर्डर खोलीत शिरण्याआधीच चालू करा. होकार नाही मिळाला तर तेवढं तिथल्या तिथे, त्यांच्यासमोर पुसून टाका.